आज इंजिन बसलं!

अखेर आज माझ्या एमजीबीत, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये, रोव्हरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन बसलं. मूळचं १७९८ सीसीचं इंजिन ओतीव लोखंडाचं, हे ३५२८ सीसीचं पण ॲल्युमिनियमचं. म्हणून वजनात फारसा फरक नाही. १९७३ ते १९७६ या काळात कंपनीनेच ही जोडी जमवली होती, त्यामुळे हिंमत केली.

सकाळभर गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये शिरेना. इंजिन साखळीला लोंबकळतंय आणि बोटभर फट काही केल्या मिटत नाही. बोल्ट आवळून ओढायचा मोह झाला, पण तसं केलं तर प्लेट वाकते. शेवटी पुढच्या पुलीला पाना लावून क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) किंचित फिरवला आणि खटकन दात जुळले! तो आवाज अजून कानात आहे.

वायरिंग, रेडिएटर बाकी. जुनं इंजिन तेल लावून, गुंडाळून ठेवलंय. ते विकणार नाही.