आमची वाटचाल: एकच स्किन, प्रत्येकाची वेगळी

विंडोजच्या डेस्कटॉपवर कायम दिसत राहणारी विजेट्स, म्हणजे तारखा, दर अशी माहिती दाखवणाऱ्या छोट्या चौकटी, आम्ही बनवतो. इचलकरंजीत हे सांगितलं की "म्हणजे वेबसाइट का?" असं विचारतात. आता समजावत बसत नाही, लॅपटॉप उघडून दाखवतो.

विंडोज व्हिस्टाबरोबर २००७ मध्ये आलेली अशीच 'गॅजेट्स' २०१२ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सुरक्षेपायी बंद करायला सांगितली. सवय मात्र लोकांना लागली होती. आम्ही अशी विजेट्स चालवणारा रेनमीटर हा प्रोग्राम धरला: फुकट, मुक्त स्रोत, आणि त्यातलं विजेट, म्हणजे स्किन, ही नोटपॅडमध्ये उघडणारी साधी आयएनआय फाइल.

खरं काम दिलं ते कर सल्लागारांनी. त्यांना जीएसटी विवरणपत्रांच्या मुदतीच्या तारखा डोळ्यांसमोर हव्या असतात. दरमहा भरणाऱ्यांच्या ११ आणि २०, तिमाहीवाल्यांच्या आपल्याकडे १३ आणि २२. एकाला दोन्ही हव्यात, दुसऱ्याला पहिल्याच, तिसऱ्याला सोबत सुताचे दर. प्रत्येकाची स्किन वेगळी करायची तर दुरुस्त्यांतच जन्म गेला असता. म्हणून स्किन एकच ठेवली. फॉन्ट, आकार, रंग 'मीटरस्टाइल'साठी एकाच जागी एकदाच लिहायचे, बाकी सगळ्या मीटरनी (स्किनवर दिसणारा प्रत्येक घटक म्हणजे मीटर) तिथून उचलायचे. दोन स्टाइल लावल्या तर नंतरची वरचढ, आणि मीटरमध्ये थेट लिहिलेलं त्याहून वरचढ. मुदतीची तारीख लाल करायला एक ओळ पुरते.

तारखांचे गट केले आणि प्रत्येक गटाला दाखवा-लपवा बटण दिलं. यातली मेख वेगळीच आहे. मीटर लपला तरी त्यामागचं मेझर (माहिती आणणारा भाग) चालूच राहतं, दर आणायला इंटरनेटवर जातच राहतं. आमचं बटण दोन्ही थांबवतं. शिवाय स्किन रिफ्रेश झाली की लपवलेलं पुन्हा उघडं पडतं, म्हणून बटणाची स्थिती फाइलमध्ये लिहून ठेवतो. ही मेहनत गिऱ्हाइकाला दिसत नाही, बिल देताना तर मुळीच नाही!

मराठीसाठी फाइल यूटीएफ-१६ एलई या अक्षर-सांकेतिकरणात (एन्कोडिंगमध्ये) जतन करावी लागते, नाहीतर 'मुदत'च्या जागी भलतीच चिन्हं उमटतात.

रंग बदलायचे पैसे घेत नाही, नवा गट जोडायचे घेतो. त्यावरही घासाघीस होतेच. सध्या एका सूत व्यापाऱ्याला येणेबाकीची यादी डेस्कटॉपवर हवी आहे. अट एवढीच, की बाकीदार समोर येऊन बसला की ती एका क्लिकमध्ये झाकली गेली पाहिजे.