पळताना पोट बिघडतं त्याबद्दल

पळणारी माणसं भेटली की गुडघे, बूट, पेस यावर तासभर बोलतात पण पोटाचा विषय निघाला की सगळे गप्प. का ते मला खरंच कळत नाही, कारण लांब पळणाऱ्यांना मळमळ, पोटात मुरडा, आंबट वर येणं, मधेच जोरात संडासला लागणं हे इतकं कॉमन आहे की लाजायचं काही कारणच नाही, आणि यातलं बरंच टाळता येतं म्हणून लिहितेय.

होतं काय तर जोरात पळायला लागलो की शरीर रक्त पायांच्या स्नायूंकडे आणि गारवा राखायला त्वचेकडे वळवतं, मग आतड्यांच्या वाटचं रक्त खूप कमी होतं, फार जोर लावला तर निम्म्याहूनही कमी. त्यात प्रत्येक पावलाला आतलं सगळं हिंदकळतं (सायकलवाल्यांना खालच्या पोटाचा त्रास तुलनेने कमी होतो तो म्हणूनच) आणि ऊन असेल, अंगातलं पाणी कमी झालं असेल तर अजूनच वाईट. म्हणजे अशा वेळी पोटात जे काही असेल ते पचवायची ताकद पोटाकडे फारशी नसते.

म्हणून नीट जेवण 3 तास तरी आधी करा, आणि निघायच्या तासभर आधी भूक असेल तर केळं किंवा साधा ब्रेड एवढंच. तेलकट आणि फायबरवालं खाणं एरवी कितीही चांगलं असलं तरी पोटात रेंगाळतं, लांब रनच्या आदल्या दिवशीपासूनच कमी केलेलं बरं. दूध पचत नसेल तर तेही नको. शुगर फ्री च्युइंगमकडे कुणाचं लक्ष जात नाही पण त्यात गोडीसाठी घातलेल्या सॉर्बिटॉलनेही जुलाब होऊ शकतात. कॉफीने पोट साफ होत असेल तर ती इतकी आधी घ्या की काम घरीच उरकेल.

आता जेल, म्हणजे पळताना ताकदीसाठी खायचं छोट्या पाकिटातलं घट्ट गोड. लोक जेल खातात आणि वरून स्पोर्ट्स ड्रिंक पितात, मग पोटात इतकं घट्ट गोड मिश्रण होतं की ते पुढे सरकत नाही आणि आतडं उलट शरीरातलं पाणी आत ओढून घेतं. जेलबरोबर साधं पाणीच. तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब बहुतेकांना पुरतात, 90 पर्यंत जायचं तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असलेलं घ्यावं लागतं कारण दोघांचे शोषले जायचे रस्ते वेगळे आहेत आणि एकट्या ग्लुकोजचा रस्ता साधारण 60 ला भरून जातो. पण हे रेसच्या दिवशी पहिल्यांदा करायचंच नाही!! पायांसारखीच पोटालाही प्रॅक्टिस लागते, काही आठवडे लांब रनमध्ये थोडं थोडं वाढवत गेलं की पोट खरंच शिकतं. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं, महिनोन्‌महिने पाय तयार करतात आणि पोट तसंच घेऊन स्टार्ट लाईनवर उभे राहतात.

आणि प्लीज, पळायच्या आधी आयब्युप्रोफेन (दुखण्यावरची गोळी) घेऊ नका. आधीच रक्त कमी मिळालेल्या आतड्याच्या अस्तराला त्याने जास्त इजा होते, किडनीवरही ताण येतो.

पळताना त्रास सुरू झालाच तर आधी वेग कमी करा, सरळ चाला, कारण वेग उतरला की पोटाकडे रक्त परत येतं. मळमळत असेल तर गोड थांबवून सावलीत जा, डोक्यावर पाणी, छोटे घोट. पोटात डुचमळत असेल तर अजून पाणी ढोसू नका, गरजेपेक्षा जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. बरगडीखाली कळ आली तर थोडं पुढे वाकून तिथे हाताने दाबा आणि लांब श्वास सोडा.

शीमधून रक्त, काळी डांबरासारखी शी, थांबल्यावरही न जाणारं जोरात दुखणं, किंवा कारण नसताना वजन उतरणं यातलं काहीही असेल तर पळण्याचा त्रास म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरकडे जा, आणि आठवड्याला किती पळता, कुठल्या गोळ्या घेता हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.