कुत्रं काय गादी उलटतंय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात आमच्यासारखी ज्यांनी जुनी घरं पाहुण्यांसाठी उघडलीत, त्यांच्यापैकी कुणीही लग्नाकार्यात भेटलं की ताट हातात असतानाच विषय निघतो: कुत्री-मांजरं घेऊन येऊन घराचा उकिरडा करून जाणाऱ्यांबद्दल तुम्ही रिव्ह्यूमध्ये खरं लिहिता का? आणि लिहिलंत, अन् त्यांनी उलट तुमच्या घराला एकच स्टार ठोकला, तर?

लिहिते. आणि त्या भीतीचं आधी उरकून टाकते, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

एअरबीएनबीवर, म्हणजे घरं पाहुण्यांना भाड्यानं देता येतात त्या साइटवर, पाहुणा निघून गेला की त्याला आणि घरमालकाला, दोघांनाही एकमेकांबद्दल लिहायला १४ दिवस मिळतात. दोघांचं लिहून होईपर्यंत, किंवा ते १४ दिवस उलटेपर्यंत, कुणालाच कुणाचं दिसत नाही. ही पद्धत २०१४ पासून आहे. म्हणजे तुमचं वाचून चिडला आणि एक स्टार दिला, असं होऊच शकत नाही. त्याला द्यायचा तो त्याने आधीच दिलेला असतो. नंतर खाली उत्तर लिहिता येतं, तेवढंच. खरी गोम दुसरीकडे आहे. नुकसानभरपाईही त्याच १४ दिवसांत मागावी लागते, आणि पैसे मागितले की पाहुणा सावध होतो, त्याचं लिहायचं राहिलं असेल तर राग तिथे काढू शकतो. म्हणून काही जण रिव्ह्यू मुद्दाम चौदाव्या दिवशी रात्री उशिरा टाकतात, समोरच्याला हातपाय हलवायला वेळच उरू नये म्हणून. मला हा लपंडाव जमत नाही. गोष्ट ताजी असताना लिहून मोकळी होते. येईल तो स्टार येऊ दे. सगळेच्या सगळे पाच तारे असलेलं घर बघितलं की मलाच शंका येते.

आता लिहायचं कशासाठी? पाहुण्याला अद्दल घडवायला नक्कीच नव्हे. तो आपलं वाचेल किंवा न वाचेल. वाचणार आहे तो पुढचा घरमालक, दांडेलीचा नाहीतर गोव्यातल्या सत्तरीचा, ज्याच्याकडे उद्या हीच माणसं हाच कुत्रा घेऊन उतरणार आहेत. आमचे सासरे बैल विकताना घेणाऱ्याला खोड सांगून टाकायचे. उजवीकडं जुंपलास तर ओढणार नाही, पोरं मागनं गेली तर लाथ घालतो. पैसे थोडे कमी यायचे, पण पुढच्या बाजाराला त्याच माणसासमोर ताठ मानेनं उभं राहता यायचं. रिव्ह्यू म्हणजे एवढंच. खोड सांगायची, बैलाला शिव्या घालायच्या नाहीत आणि खोड झाकून तो कुणाच्या गळ्यातही मारायचा नाही.

जी मंडळी माझ्यापाशी येऊन तास तासभर रडतात, त्यांचे रिव्ह्यू मी वाचलेत. ‘लव्हली फॅमिली, मोस्ट वेलकम एनी टाइम.’ मग तीच लव्हली फॅमिली पुढच्या महिन्यात आमच्याकडे येते.

गेल्या आषाढातलं सांगते. चार माणसं आणि एक लॅब्रॅडॉर. कुठून आले होते ते मुद्दाम सांगत नाही, त्याचं कारण पुढे येईल. कुत्र्याचं आधी कळवलेलं, त्याचे जादा पैसेही भरलेले. जाताना माणसं गोड बोलून, अंगणात फोटो काढून, आमच्याकडची आमसुलं विकत घेऊन गेली. खोली आवरलेली. चादर तर हॉटेलातल्यासारखी ताणून घातलेली. आमच्याकडे साफसफाईला येणाऱ्या आक्कांनी ती चादर ओढली आणि वास आला. गादीवर मात्र काही दिसेना. त्यांनी हात फिरवून पाहिला, मग एक कोपरा उचलला आणि मला हाक मारली. खालच्या अंगाला ताटाएवढा पिवळा डाग, कडेनं तपकिरी झालेला, आतला कापूस अजून ओला. पलंगाच्या फळीपर्यंत ओल उतरलेली.

मी वैतागून म्हटलं, “काय ह्या कुत्र्यानं करून ठेवलंय बघा!”

आक्का म्हणाल्या, “वहिनी, मुतला आसंल कुत्रा. पण गादी कुणी उलटली? कुत्रं काय गादी उलटतंय?”

त्या दिवशी मी जे लिहिलं ते या एका वाक्यावर उभं आहे. इंग्रजीत लिहिलं, तेही आमच्या खानापुरी इंग्रजीत, पण मजकूर असा: कुत्रा येणार हे आधी सांगितलं होतं. कुत्र्याने कुणाला त्रास दिला नाही. गादीवर लघवी झाली, ती आम्हाला सांगितली नाही. गादी उलटून वर दुसरी चादर घातली. वेळेत कळलं नाही म्हणून गादी टाकून द्यावी लागली. पुन्हा आले तर कुत्र्याशिवाय घेईन.

बस्स. त्यात ‘घाणेरडे’ नाही, ‘बेजबाबदार’ नाही, ‘हल्लीच्या लोकांना काही वळणच नाही’ हे तर नाहीच नाही. विशेषण घातलं की वाचणारा पाहुण्याकडे बघायचं सोडून आपल्याकडे बघायला लागतो. ही बाई जरा खडूसच दिसते, म्हणतो, आणि पुढे जातो. गादी उलटली होती यावर कोण काय वाद घालणार?

पाहुण्याला तारे द्यायचे तीन रकाने असतात: स्वच्छता, संवाद आणि घरचे नियम. स्वच्छतेला मी दोन दिले, संवादाला एक. पुष्कळांना वाटतं संवाद म्हणजे ‘गुड मॉर्निंग आंटी’. सांगायची गोष्ट सांगितली की नाही, एवढंच मी त्या रकान्यात बघते. कारण सांगितलं असतं तर ती गादी वाचली असती. लघवी ताजी असताना फडक्यानं दाबून टिपून घ्यायची, चोळायची नाही. मग खायचा सोडा, किंवा त्यासाठी एन्झाइमवालं द्रावण मिळतं ते. हवा भरपूर मिळाली, पंखा लावला, तर निभावतं. एकदा आत वाळली की तिचे बारीक खडे धरतात आणि हवा दमट झाली की पुन्हा वास मारायला लागतात. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा दमट सोडून दुसरी असतच नाही. मे महिन्यात हीच गादी दोन दिवस पत्र्यावर टाकून सुकवली असती. आषाढात ऊन आणायचं कुठून? काही जण वर भसाभस फिनेल ओततात. त्यानं आपल्या नाकाची समजूत पटते, कुत्र्याच्या नाकाची नाही. अमोनियावालं क्लीनर तर त्याला लघवीसारखंच लागतं, आणि पुढचा कुत्रा येऊन नेमका त्याच जागी पाय वर करतो.

आता याच्या उलटं. एक नवराबायको बीगल घेऊन आली होती. दिसायला खेळणं, मऊ कान, सगळ्यांनी त्याचे लाड केलेले. सकाळी गेट उघडं राहिलं आणि त्या खेळण्यानं शेजारच्या आजींची कोंबडी धरली. आम्ही अजून चहा गाळतोय तोवर ती मुलगी रडत दारात. “आंटी, आमच्या कुत्र्यानं कोंबडी मारली, कुणाची आहे?” मीच त्यांना आजींकडे घेऊन गेले. आजींनी पदर खोचला. “ती काय साधी कोंबडी न्हवं बाई, अंड्यावर बसणार हुती.” म्हणजे होणाऱ्या पिल्लांचेही पैसे धरायचे होते. मुलानं घासाघीस केली नाही, सांगितले तेवढे हातावर ठेवले, वर हात जोडले. (कोंबडीचं पुढे काय झालं विचारू नका. दुपारी आजींच्या घराकडून वाटणाचा वास येत होता.)

त्यांच्याबद्दलही कोंबडीसकट लिहिलं. कुत्रा मोकळा सुटला आणि शेजारची कोंबडी मारली. पाहुण्यांनी लगेच येऊन सांगितलं आणि भरपाई दिली. घराला कुंपण असेल तर जरूर घ्या, आजूबाजूला कोंबड्या असतील तर साखळी विचारून घ्या. नियमांना तीन, संवादाला पाच. ज्याच्याकडे कुंपण आहे त्याने त्यांना डोळे मिटून घ्यावं.

काही गोष्टी मात्र मी मोजतच नाही. पावसाळ्यात कुत्रा एकदा बाहेर जाऊन आला की आमच्या जांभ्याच्या लाल मातीचे ठसे ओसरीपासून न्हाणीपर्यंत उमटणारच. ती माती आमची आहे, पाहुण्याने आणलेली नाही. दाराशी बादली आणि जुना टॉवेल ठेवणं हे माझं काम. केसांचंही तेच. कुत्रा चालेल म्हणायचं, त्याचे पैसे घ्यायचे आणि मग चादरीवर केस सापडले म्हणून लिहायचं, याला काही अर्थ नाही. चादरी मशीनला लावण्याआधी कोरड्या झटकायच्या, सोफ्यावरून रबरी हातमोजा ओला करून फिरवायचा, गोळा होऊन येतात. मोठा कुत्रा म्हणजे मोठी घाण, हेही खरं नाही. एकदा एकांचा मुधोळ हाउंड आला होता. आमच्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं वाण, २००५ साली टपाल खात्यानं ज्याचं तिकीट काढलं तो. लांबलचक पाय, तोकडे केस, परक्याचा हात लागलेला आवडत नाही. आला, कोपऱ्यात बसला, गेला. तो येऊन गेला हे आक्कांना सांगावं लागलं.

आणि अंध माणसासोबतचा मदतनीस कुत्रा पाळीव प्राण्यात धरायचाच नाही. एअरबीएनबीवर त्याचे जादा पैसे लावता येत नाहीत. पिंजऱ्यातला पोपट घेऊन आले तर मी घेत नाही. आपल्याकडचा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि भीमगड अभयारण्याच्या काठावर राहून मी त्याची सोय करायची म्हणजे कमालच.

पाहुणे कुठून आले ते का सांगत नाही, ते आता सांगते. आपण सीमाभागातली माणसं. आपल्याकडे सांडलेल्या दुधालाही भाषा चिकटते. ‘ते तिकडचे ना, ते असेच’ हे वाक्य बेळगावपासून निपाणीपर्यंत दोन्ही भाषांत तयारच असतं, आणि मराठी माणूस पुण्या-मुंबईच्या पाहुण्याबद्दलही ते तितक्याच उत्साहानं म्हणतो. गादी उलटणारे कन्नड होते की मराठी, यानं पुढच्या घरमालकाच्या गादीला काय फरक पडतो? तो मग कुत्र्याची चौकशी करायची सोडून आडनावावरून माणसं नाकारायला लागेल. एका ओळखीच्या गृहस्थांनी असं गाव घालून लिहिलेलं मला कौतुकानं दाखवलं. मी त्यांना विचारलं, कुत्र्याची जात का नाही लिहिली? ते बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्याच कारणासाठी घरमालकांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर फोटो टाकणं मला पटत नाही. पाहुणे येण्याआधी आणि गेल्यावर खोलीचे फोटो जरूर काढा. गादीवाल्याची पावती जपून ठेवा. भरपाई मागताना ते लावा. पण ग्रुपवर गाडीचा नंबर, आधार कार्डाची प्रत, लहान मुलांसकट अख्ख्या कुटुंबाचा फोटो आणि खाली ‘या लोकांपासून सावध’, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनी ओळखपत्र आपल्या वहीत नोंद करायला दिलं होतं. गादी उलटणाऱ्यानं विश्वास मोडला म्हणून आपणही मोडायचा का? मी त्या ग्रुपमधून बाहेर पडले.

राहता राहिला सगळ्यात नाजूक प्रश्न: ओळखीनं, नुसत्या फोनवर ठरवून येणाऱ्यांचं काय? तिथे ना तारे, ना रकाने. आमच्या दिरांच्या साहेबांचं कुटुंब दोन पॉमेरेनियन घेऊन असंच आलं होतं. त्यांनी गादी उलटली नाही, पण दोन उशा आणि एक गोधडी फाडून त्यावर पांघरूण घालून ठेवलं. मी साहेबांना गोधडीचा फोटो आणि शिलाईचं बिल पाठवलं. ‘नमस्कार’ सोडला तर वर एक शब्द लिहिला नाही. साहेबांनी तासाभरात पैसे पाठवले. दीर मात्र सणावाराला जेवायला आले की अजून काढतात, “वहिनी, चार पैशांच्या गोधडीसाठी तुम्ही माझी मान खाली घातलीत.” मी त्यांना आमटी वाढते आणि म्हणते, “भावोजी, साहेबांना पुढच्या वेळी तुमच्याकडेच उतरवा. गोधडी हवी तर मी देते.”