दुसऱ्यांदा कंपनी निवडताना

आमच्या स्टार्टअपसाठी सॉफ्टवेअर कंपनी निवडण्याचे काम मी दोनदा केले. पहिली निवड तीन आठवड्यांत उरकली आणि ती निस्तरण्यात सात महिने गेले. छोट्या दवाखान्यांना रुग्णांच्या वेळा नोंदवता याव्यात व तपासणीची फी आगाऊ घेता यावी, असे अ‍ॅप आम्हाला हवे होते. आम्हा दोघा भागीदारांपैकी कोणालाही कोड लिहिता येत नव्हता.

पहिल्या वेळी आमची मागणी दीड पानात मावली होती. पाच कंपन्यांकडून कोटेशन मागवली आणि सर्वांत कमी रकमेचे, शिवाय सर्वांत देखण्या सादरीकरणासह आलेले, स्वीकारले. दीड पान वाचून एखादी कंपनी ठाम आकडा सांगते, याचे तेव्हा कौतुकच वाटले होते. आज वाटते की असा आकडा सांगणाऱ्याने एक तर पुष्कळ काही न विचारता गृहीत धरलेले असते, नाही तर पुढच्या प्रत्येक बदलाला ‘चेंज रिक्वेस्ट’ म्हणून वेगळे बिल लावायचे मनाशी ठरवलेले असते. आमच्या वाट्याला दोन्ही आले. वेळ रद्द केल्यावर पैसे परत करण्याची सोयसुद्धा कामाच्या व्याप्तीबाहेरची ठरली.

काम थांबवायचे ठरले तेव्हा खरी गोष्ट उघड झाली. कोड गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर त्यांच्या खात्यात होता, सर्व्हर त्यांच्या क्लाउड खात्यावर चालत होता आणि गूगल प्लेवर अ‍ॅप त्यांच्याच डेव्हलपर खात्यातून प्रकाशित झाले होते. ते आमच्या खात्यात हलवायचे, तर विनंती मूळ खातेधारकाने करावी लागते, म्हणजे ज्यांच्याशी बिनसले त्यांचीच मनधरणी करणे आले. पैसे आम्ही मोजले म्हणजे कोड आमचा, ही समजूतही वकिलांनी करार वाचून खोडून काढली. बाहेरच्या कंत्राटदाराने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट लेखी हस्तांतराशिवाय ग्राहकाकडे आपोआप येत नाही, असा अनेक देशांतील कायदा आहे, आणि आमच्या करारात त्याविषयी एक अक्षर नव्हते.

दुसऱ्या वेळी मी आधी नऊ पाने लिहिली. त्यांत अ‍ॅपने काय करावे याइतकेच, पहिल्या आवृत्तीत काय नको, हेही होते. मग सात कंपन्यांना भेटलो आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला: रुग्णाने ‘पैसे भरा’ हे बटण दाबले, बँकेतून रक्कम गेली, त्याच क्षणी नेटवर्क गेले आणि घाबरून त्याने पुन्हा बटण दाबले, तर काय होईल? एका विक्री प्रतिनिधीने असे होणारच नाही, असे हसत सांगितले. दुसऱ्या ठिकाणी, एकदा दाबल्यावर बटण बंद करू, असे उत्तर मिळाले; मात्र अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडले तर काय, यावर तेथे शांतता पसरली. एका कंपनीतील इंजिनिअरने कागद ओढून चौकोन काढले. प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक द्यायचा, म्हणजे तोच क्रमांक पुन्हा आला तर पैसे दुसऱ्यांदा कापले जाणार नाहीत. आणि पैसे आले की नाही, हे फोनच्या पडद्यावरून नव्हे, तर पेमेंट गेटवेकडून, म्हणजे पैशांचा व्यवहार पार पाडणाऱ्या सेवेकडून, थेट आपल्या सर्व्हरला येणाऱ्या संदेशावरून ठरवायचे. एवढे सांगून त्याने मलाच विचारले, “पैसे आले, पण तेवढ्यात ती वेळ दुसऱ्या रुग्णाने घेतली असेल, तर दवाखान्याला काय हवे आहे?” माझ्या नऊ पानांत याचे उत्तर नव्हते.

जुन्या ग्राहकांशीही बोललो. खूश असलेल्यांचे क्रमांक सगळेच देतात, म्हणून मी काम संपवून निघून गेलेल्या ग्राहकाचा क्रमांक मागितला. तो दोनच कंपन्यांनी दिला. त्या दोघींना आम्ही दोन आठवड्यांचे छोटे काम मोबदला देऊन करायला सांगितले: डॉक्टरांच्या सुट्ट्या नोंदवण्याची सोय. एकीने ते वेळेत आणि देखणे करून दिले. दुसरीला, म्हणजे कागदावर चौकोन काढणारीला, एक दिवस उशीर झाला, पण तिच्या कोडसोबत चाचण्या आणि तीन शंकांचे टिपण होते. आमच्या ओळखीच्या एका प्रोग्रामरने दोन्हींची कमिटची, म्हणजे कोडमधला कोणता बदल कोणी जमा केला याची, नोंद उघडून दाखवली. पहिलीच्या बैठकीत ज्यांची मोठ्या अभिमानाने ओळख करून दिली गेली होती, त्या ज्येष्ठांपैकी एकाचेही नाव त्या नोंदीत नव्हते. तिथेच निर्णय झाला, जरी निवडलेल्या कंपनीचा दर सर्वांत कमी दराच्या जवळजवळ दीडपट होता.

कराराला फार वेळ लागला नाही. सर्व खाती पहिल्या दिवसापासून आमच्या नावावर, प्रत्येक बिल चुकते होताच त्या कामाचा कॉपीराइट आमच्याकडे, दर दोन आठवड्यांचे काम चालवून दाखवल्यावरच पैसे आणि हस्तांतरानंतर ९० दिवस दोषदुरुस्ती विनामूल्य, हे मुद्दे त्यांनी मान्य केले. तयार अ‍ॅपची ठाम तारीख त्यांनी दिली नाही. मीही आग्रह धरला नाही.

सह्या झाल्या त्या दुपारी गिटहबवर आमच्या नावाचे खाते उघडून मी त्यांच्या तिघांना आमंत्रण पाठवले. संध्याकाळी पहिली कमिट आली. तिच्यात कोड नव्हताच. रीडमी नावाची एक फाइल होती, आणि माझ्या चौथ्या व सातव्या पानांवरील दोन वाक्ये एकमेकांशी कशी विसंगत आहेत, ते तिच्यात लिहिले होते.