पवईवर एकटा कुरव

रविवार, ८ मार्च

आज पवईला गेले ती जांभळ्या पाणकोंबड्या बघायला. जलपर्णी इतकी माजली आहे की बांधावरून बघितलं तर अर्ध्या तलावात गुरं चरायला सोडावीत असं वाटतं. तिच्या पलीकडे, जिथे मोकळं पाणी सुरू होतं, तिथे एकच पांढरा पक्षी तरंगत होता. दुर्बीण लावली. कुरव, म्हणजे सीगल!

कुरव मुंबईला नवे नाहीत. ठाण्याच्या खाडीत, जुहूला, गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचच्या मागे हिवाळाभर त्यांची झुंबड असते. लाँचवरचे लोक वेफर्स भिरकावतात, हे वरच्या वर झेलतात. (तळलेलं खारट खाणं पाखरांना घालू नका म्हटलं की लोक माझ्याकडेच विचित्र नजरेने बघतात.) ब्लॅक-हेडेड आणि ब्राउन-हेडेड हे कुरवांचे दोन प्रकार वेगळे ओळखायला मी त्याच लाँचवर शिकले. पण १८९१ साली बांधलेल्या या गोड्या पाण्याच्या तलावावर, तोही एकटा?

डोकं स्वच्छ पांढरं होतं. मार्च उजाडला की पूर्ण वाढीच्या ब्लॅक-हेडेडच्या डोक्यावर गडद तपकिरी टोपी चढायला लागते. याच्या कानामागे नुसता पुसट राखी डाग. ‘स्लेंडर-बिल्ड’, म्हणजे सडपातळ चोचीचा कुरव, हे नाव तेव्हाच मनात आलं आणि मी ते मुद्दाम बाजूला ठेवलं. नाव आधी ठरलं की पुढचं सगळं आपण त्याला हवं तसंच बघतो. त्यातून हा पक्षी गुजरातच्या किनाऱ्यावर, जामनगरकडे, थव्यांनी असतो. पवईला मी तरी कधी पाहिला नव्हता.

मग डोळा पाहिला. बुबुळ फिकं. पण फिकं बुबुळ ब्राउन-हेडेडचंही असतं, त्यामुळे एवढ्यावर काही ठरत नाही. चोच मात्र लांब, सडपातळ, गडद लाल. उन्हाची तिरीप आली तेव्हाच लाल, एरवी काळी. कपाळ गोल उठलेलं नाही, घसरगुंडीसारखं थेट चोचीवर उतरलेलं, त्यामुळे डोळा उगाच मागे सरकल्यासारखा. पोहतानाही मान ताणून, पुढे झुकलेला.

शेजारी गळ टाकून बसलेले काका बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

“काय ताई, मगर दिसली का?”

“नाही काका, तो पांढरा बघतेय.”

“तो होय! उजाडल्यापासून आहे. माझ्या पिठाच्या गोळ्यांवर डोळा आहे त्याचा.”

“जरा उडाला असता तर बरं झालं असतं. पंख बघायचेत.”

“मग दगड मारू?”

“नको हो!”

काम घारीने केलं. ती खाली आली तसा कुरव उठला, आणि मी फोटोंचा धडाका लावला. पंखाच्या पुढच्या कडेला टोकापर्यंत लांब पांढरा पट्टा, काळं फक्त टोकाच्या मागच्या काठाला. ब्राउन-हेडेडचं टोक भरपूर काळं असतं आणि पूर्ण वाढीच्या पक्ष्यात त्या काळ्यात पांढरे ठिपके असतात. तो बाद. हा पट्टा ब्लॅक-हेडेडलाही असतो, पण ही चोच, हे कपाळ आणि फिका डोळा त्याचा नव्हे. आता नाव घ्यायला हरकत नव्हती.

घरी येऊन ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर, नोंद केली. दुर्मीळ म्हणून त्याने तपशील मागितला, तो सगळा लिहिला. छातीवरची गुलाबी छटा तेवढी गाळली. विणीच्या दिवसांत स्लेंडर-बिल्डला ती येते खरी, पण त्या कोवळ्या उन्हात शेजारचे बगळेही गुलाबीच दिसत होते.

संध्याकाळी काकांचा फोन आला. निघताना नंबर देऊन ठेवला होता. “ताई, तुमचा पांढरा दुपारी विहार तलावाच्या अंगाला गेला बघा.” विहारला परवानगीशिवाय जाता येत नाही. तरी उद्या ऑफिसच्या आधी पवईला एक फेरी मारेन म्हणते.