‘पॅटन’च्या दोन डिस्क: २००८ की २०१२?

मागच्या नोंदीत खिडक्यांना काळं कापड आणि प्रोजेक्टरला भिंतीतला स्टँड, इथवर काम आलं होतं. खोली आता दुपारीही बऱ्यापैकी अंधारी होते. म्हणून ज्या कामासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, ते एकदाचं हातात घेतलं. फ्रँकलिन शॅफनरचा ‘पॅटन’ (१९७०), म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जनरल पॅटनवरचा सिनेमा: २००८ची ब्लू-रे आणि २०१२ची नव्याने काढलेली ब्लू-रे. प्लेअर तोच, पडदा तोच, खुर्चीही तीच.

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगतो. २०१२ची घ्या. जुनी कुणी फुकट दिली तर नाही म्हणू नका, पण ती सिनेमा बघायला नव्हे, डीएनआर (डिजिटल नॉइज रिडक्शन, चित्रातले दाणे पुसणारं सॉफ्टवेअर) म्हणजे काय हे एखाद्याला दाखवायला.

हाच सिनेमा का, तर त्याच्या निगेटिव्हमुळे. ‘पॅटन’ ६५ मिलिमीटर फिल्मवर, डायमेन्शन-१५० नावाच्या पद्धतीने चित्रित झाला. त्या पद्धतीत पूर्ण लांबीचे दोनच चित्रपट झाले. दुसरा ‘द बायबल’ (१९६६). ६५ मिलिमीटरची एक फ्रेम नेहमीच्या ३५ मिलिमीटर स्कोप फ्रेमच्या साधारण तिप्पट क्षेत्रफळाची असते. म्हणजे ग्रेन (फिल्मवरचे सूक्ष्म दाणे) मुळातच बारीक आणि तपशील भरपूर. अशा सिनेमाची डिस्क गुळगुळीत दिसली, तर ‘जुना पिक्चर आहे, एवढंच दिसणार’ ही सबब चालत नाही. फ्रेड कोनेकँपच्या कॅमेऱ्याने जे टिपलं ते निगेटिव्हवर आहे. डिस्कवर नसेल तर मधे कुणीतरी ते काढून टाकलंय.

२००८मध्ये नेमकं तेच झालं. तेव्हा मोठे फ्लॅट टीव्ही नुकतेच घराघरांत येत होते आणि ‘एचडी म्हणजे काचेसारखं स्वच्छ’ अशी समजूत होती. पडद्यावर सूक्ष्म दाणे हललेले दिसले की गिऱ्हाईक म्हणणार, डिस्क खराब आहे. मग आवाज कमी करावा तसा ग्रेन कमी करणारं सॉफ्टवेअर चालवलं गेलं. त्याचं गणित सोपं आहे. ग्रेन प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतो, खरा तपशील मात्र एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये तसाच राहतो. लागोपाठच्या फ्रेम्सची सरासरी काढली की बदलणारं पुसलं जातं आणि स्थिर असलेलं उरतं. अडचण अशी की माणसाच्या चेहऱ्यावरची छिद्रं, लोकरी कोटाची वीण, वाळूचे कण, लांबवरची धूळ हेही इतकं बारीक असतं की सॉफ्टवेअरला ते ग्रेनच वाटतं. तेही जातं. मग चित्र मऊ पडलं म्हणून वरून शार्पनेस चढवायचा, आणि प्रत्येक कडेला पांढरी किनार उमटवायची. थोडक्यात, कट काढून टाकलेली मिसळ.

बघायला बसण्यापूर्वीची तयारी जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांची तुलना इथेच फसते. प्रोजेक्टर असो की टीव्ही, त्याच्या आत स्वतःचा नॉइज रिडक्शन असतो आणि तो कारखान्यातून चालूच येतो. तो चालू ठेवून दोन डिस्क लावल्या तर दोन्ही सारख्याच मेणचट दिसणार आणि तुम्ही म्हणणार, काही फरक नाही बुवा. तर नॉइज रिडक्शन बंद, मोशन स्मूदिंग बंद, ‘डायनॅमिक’ नावाचं जे काही असेल ते बंद. शार्पनेस इतका खाली की काळ्या अक्षरांभोवतीची पांढरी रेघ नाहीशी व्हावी. प्लेअरमधून २४पी बाहेर काढायचा, कारण फिल्म सेकंदाला २४ फ्रेम्सचीच आहे. एवढं करूनही ४३ इंची टीव्ही दहा फुटांवरून बघत असाल तर दोन्ही डिस्क जवळपास सारख्या वाटतील. त्यात तुमच्या डोळ्यांचा दोष नाही. इतक्या लांबून ग्रेनच काय, बटणावरची नक्षीही दिसत नाही. जवळ बसा.

पॉज करून बघण्याबद्दलही एक सांगायचंय. थांबवलेल्या फ्रेममध्ये ग्रेन ओंगळ दिसतो. चालत्या चित्रात डोळा स्वतःच फ्रेम्स एकत्र करतो आणि तोच ग्रेन पोत होऊन जातो. डीएनआरचं उलट आहे: थांबवल्यावर छान स्वच्छ, आणि माणूस मान वळवतो तेव्हा चेहरा मागून फरपटत येतो. म्हणून नुसत्या स्थिर चित्रांवरून निकाल द्यायला माझा विरोध आहे, मग ती कितीही मोठी करून लावलेली असोत.

आता सिनेमा. पहिला सीन सगळ्यांना पाठ आहे. पडदाभर अमेरिकेचा झेंडा, खालून जिना चढून आलेला एवढासा माणूस, आणि मग पॅटन झालेल्या जॉर्ज सी. स्कॉटचं भाषण. हे भाषण फ्रान्सिस फोर्ड कोपोलाने लिहिलं. याच सुरुवातीमुळे आपल्याला कामावरून काढलं होतं, असं तो स्वतः सांगतो. (पटकथेचं ऑस्कर मात्र त्याला आणि एडमंड नॉर्थला मिळालंच. चित्रपटाला एकूण ७ मिळाली. स्कॉटने आपलं नाकारलं.) तुलनेसाठी यापेक्षा सोयीची जागा नाही. कॅमेरा हातांवर, पदकांवर, पिस्तुलाच्या मुठीवर, डोळ्यांवर एकेक करून थांबतो. २००८च्या डिस्कवर पदकं चकाकतात, पण रिबिनींच्या धाग्यांची वीण नाही. हेल्मेटच्या कडेला किनार आहे. स्कॉटच्या गालावर वय नाही. २०१२च्या डिस्कवर कापड कापडासारखं दिसतं, ओठांभोवतीच्या सुरकुत्या बोलताना हलतात, आणि मागचा लाल पट्टा सपाट रंग न राहता रंगवलेला पृष्ठभाग वाटतो.

इथे आमच्या ओळखीच्या एका पेंटरना बोलावलं होतं. त्यांची उमेदीची वर्षं थिएटरचे बॅनर रंगवण्यात गेली. एकेका नटाचं डोकं खोलीएवढं. कुठली डिस्क कोणती ते सांगितलं नव्हतं. जुनी लावल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “तोंड घोटलंय ह्याचं कुणीतरी. एवढं घोटत्यात व्हय?” यानंतर मी डीएनआरवर जे व्याख्यान देणार होतो ते राहिलंच. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवून १९२०मध्ये ‘सैरंध्री’ काढला, आणि खरी कॉर्नरला चक्क कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तिथल्या माणसाला चेहऱ्याचं काय झालंय हे कळायला सॉफ्टवेअरचं नाव लागत नाही.

बायकोचं मत मात्र वेगळं. “ही स्वच्छ आहे की,” ती जुन्या डिस्ककडे बघत म्हणाली. जनरल ब्रॅडली झालेल्या कार्ल माल्डनचा जवळून शॉट आल्यावर “ह्यांना पावडर लावलीय का?” असंही म्हणाली, पण मत बदललं नाही. स्वच्छ ते स्वच्छ. मी नाद सोडलाय. चांगल्या नजरेच्या माणसालाही पहिल्या झटक्यात गुळगुळीत चित्र आवडू शकतं, आणि स्टुडिओने तेव्हा तसं का केलं असेल याचं उत्तर आमच्याच सोफ्यावर मिळालं.

भाषणानंतर कॅसरिनच्या रणांगणाचा भाग येतो. फेब्रुवारी १९४३मध्ये ट्युनिशियात अमेरिकन सैन्याने खाल्लेला मार. गिधाडं, जळालेली वाहनं, प्रेतांवरचे कपडे काढणारी माणसं. इथे आभाळ बघा. स्वच्छ निळं आभाळ म्हणजे ग्रेनची खरी कसोटी, कारण तिथे दुसरं काहीच नसतं. जुन्या डिस्कवर आभाळ म्हणजे रंगाचा एक पत्रा. नवीनवर ते श्वास घेतं, अगदी बारीक. पुढे कार्थेजच्या भग्नावशेषांत पॅटन ‘मी इथे होतो’ म्हणतो, तो भाग मोरोक्कोतल्या व्होलुबिलिसला घेतलाय. तिथल्या दगडांवरची झीज हा माझ्या मते दोन डिस्कमधला सगळ्यात मोठा फरक आहे, चेहऱ्यांपेक्षाही मोठा. दगड हलत नाहीत, कॅमेरा सावकाश फिरतो, आणि २००८मध्ये रोमन खांब अक्षरशः साबणाचे वाटतात.

टँकच्या लढाईला शेजारचे सुभेदारकाका हजर होते. मूळचे सैनिक टाकळीचे, रणगाडा दलातून निवृत्त, आणि अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) रणगाडा दलाच्या शाळेत शिकलेले. त्यांना ग्रेनशी काही घेणंदेणं नव्हतं. एल गेतारच्या खोऱ्यात जर्मन रणगाडे पुढे सरकायला लागले तसे ते खुर्चीत पुढे आले. “अरे, हे तर पॅटनच की!”

खरं आहे. शूटिंगचा बराच भाग स्पेनमध्ये झाला आणि रणगाडे दिले स्पॅनिश सैन्याने. त्यात एम-४७ आणि एम-४८ होते, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर बनलेले आणि याच जनरल पॅटनचं नाव दिलेले अमेरिकन रणगाडे. त्यांतल्या काहींवर क्रॉस रंगवून जर्मन म्हणून पॅटनच्याच अंगावर सोडले. आपल्याकडे ‘पॅटन’ हे नाव या जनरलमुळे कमी आणि सप्टेंबर १९६५च्या असल उत्तरच्या भारत-पाक लढाईमुळे जास्त माहीत. अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने उडवले ते हेच. ताब्यात आलेला एक नगरच्या रणगाडा संग्रहालयात उभा आहे आणि काकांनी तो हात लावून पाहिलाय. त्यामुळे त्यानंतर सिनेमा बाजूला राहिला आणि बुरूज, चाकं, साखळी यांवर खुलासा सुरू झाला. वहिनींनी चहा पाठवला तेव्हा कुठे थांबला.

पण जाता जाता त्यांनी एक बोललं ते लिहून ठेवलंय. दोन्ही डिस्कवर तीच लढाई पुन्हा दाखवली तेव्हा म्हणाले, पहिलीत धूळ आणि धूर एकच दिसतो. रणगाड्याची धूळ खालून उठते आणि कणाकणाची असते, तोफेचा धूर वर जातो आणि मऊ असतो. दुसरीत दोन्ही वेगळे कळतात. मी इतक्या वेळा हा भाग पाहून मला ते शब्दात मांडता आलं नव्हतं. ग्रेन काढताना कणच काढले जातात, मग धुळीचा धूरच होणार.

आवाजाबद्दल थोडक्यात. दोन्हींवर डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ ५.१, आणि माझ्या खोलीत फरक जाणवला नाही. संगीतकार जेरी गोल्डस्मिथने इकोप्लेक्स या प्रतिध्वनीच्या यंत्रातून विरत नेलेला तो ट्रंपेट मागच्या स्पीकरपर्यंत नीट पोचतो. विमानांच्या हल्ल्यात, जिथे पॅटन पिस्तूल घेऊन रस्त्यावर उतरतो, सबवूफरला काम मिळतं. बाकी पत्र्यावर कोल्हापूरचा पाऊस चालू असताना आवाजाची बारीक परीक्षा घ्यायची नसते.

रंगाबद्दल मी मुद्दाम कमी लिहितोय. नवीन डिस्कवर कातडीचा रंग जास्त पटतो, ऑलिव्ह गणवेश कमी पिवळा वाटतो. एवढंच. ७० मिलिमीटरची १९७०ची प्रिंट न पाहता ‘रंग अगदी मूळसारखे’ म्हणणं हा आपल्या छंदातला सगळ्यात लोकप्रिय फेकाफेकीचा प्रकार आहे.

‘एवढा ग्रेन ठेवायचा तर डिस्कवर जागा पुरेल का’ असं मागे कुणीतरी विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे, कारण सतत बदलणारे दाणे कॉम्प्रेशनला महाग पडतात. पण हिशेब करा. सिनेमा १७२ मिनिटांचा, दोन थरांची डिस्क ५० जीबीची. सरासरी सेकंदाला ३८ मेगाबिटच्या आसपास, आवाज धरून. ब्लू-रेवर चित्रासाठी कमाल मर्यादाच ४० मेगाबिटची आहे. शिवाय २.२०:१ प्रमाणामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि १०८०पैकी प्रत्यक्ष चित्राच्या ओळी साधारण ८७२ उरतात. पट्ट्यांना बिट लागत नाहीत. जागा पुरते.

विकत घेणाऱ्यांसाठी: सेकंड-हँडमध्ये दोन्ही फिरतात आणि विकणाऱ्याला बहुधा फरक माहीत नसतो. फक्त पुढचं कव्हर बघून पैसे पाठवू नका. मागच्या बाजूचा आणि डिस्कच्या तोंडाचा, वर्ष वाचता येईल असा फोटो मागवा. रिजनही (डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते) बघा, अमेरिका ए मध्ये येते, आपण सी मध्ये. आणि जून ते सप्टेंबर डिस्क नुसत्या कपाटात ठेवू नका. डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. इथल्या पावसाळ्यात कव्हरच्या कागदाला बुरशी यायला फार दिवस लागत नाहीत, आणि प्रोजेक्टरच्या लेन्सला आली तर खर्च डिस्कच्या कितीतरी पट.

पुढचं काम ‘द लाँगेस्ट डे’ (१९६२). कृष्णधवल, सिनेमास्कोप, ३५ मिलिमीटर, म्हणजे ग्रेन जास्त आणि लपायला रंग नाही. तिथे करड्या छटांवरच सगळं अवलंबून असेल, म्हणून आधी प्रोजेक्टरचा गॅमा लावून घेतोय. सध्या गडद करडे आणि काळे एकात एक जातात. पडद्यामागची भिंत अजून फिकट क्रीम रंगाची आहे, तिला काळा मॅट लावायचाय. पेंटरनी येतो म्हटलंय, पण पाऊस उघडल्यावर.