पिंग लागत होतं, पण वाट तुटलेली होती

तक्रार आली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. एका ग्राहकाच्या दोन शाखा आमच्या नेटवर्कवरच्या व्हीपीएनने जोडलेल्या. एका शाखेतल्या काही संगणकांना दुसरीकडचा सर्व्हर व्यवस्थित दिसत होता, काहींना अजिबात दिसत नव्हता. ज्यांना दिसत नाही त्यांना सकाळपासून एकदाही दिसलेला नाही. ज्यांना दिसतो त्यांचं एकही पॅकेट गळालेलं नाही. हे मी तिकिटात जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्यातच उत्तर होतं, पण ते कळायला रात्रीचे साडेनऊ वाजले.

आमच्या कोअर नेटवर्कमध्ये, म्हणजे मधल्या मुख्य जाळ्यात, पॅकेट एमपीएलएसने जातात: पॅकेटवर एक आकडा, म्हणजे लेबल, लावलेला असतो आणि राउटर पत्त्याऐवजी तो वाचून पॅकेट पुढे पाठवतात. हे नेटवर्क महिनाभरापूर्वीच एलडीपीवरून सेगमेंट राउटिंगवर, म्हणजे लेबलं ठरवायच्या नव्या पद्धतीवर, आलं होतं. आधी ‘या पत्त्यासाठी माझ्याकडे हे लेबल लावून पाठव’ असं शेजाऱ्यांना सांगायला एलडीपी हा वेगळा प्रोटोकॉल चालवावा लागायचा. आता लेबलांची माहिती आयएस-आयएस, म्हणजे राउटरांना एकमेकांच्या वाटा कळवणारा प्रोटोकॉल, तोच वाहून नेतो. आमच्या सगळ्या राउटरांवर लेबलांसाठी १६००० ते २३९९९ हा एकच पट्टा राखून ठेवलाय. आर७ या राउटरचा इंडेक्स, म्हणजे ठरवून दिलेला क्रमांक, ७, म्हणून त्याच्याकडे जाणारं लेबल सगळीकडे १६००७. वाचायला इतकं सोपं, की मला हे तंत्र पहिल्या दिवसापासून आवडलं होतं.

तक्रारीतली वाट आर१ ते आर७. मी आर१वर बसले आणि आर७च्या लूपबॅकला (राउटरच्या स्वतःच्या कायमच्या पत्त्याला) पिंग केलं. शंभरपैकी शंभर. दोघांमधलं बीजीपी सेशन (ज्यावरून व्हीपीएनचे रूट येतात) चढलेलं, व्हीपीएनचे रूट आलेले, आयएस-आयएसचे सगळे शेजारी जागेवर. ग्राहकाला मी ‘आमच्या बाजूने सगळं ठीक दिसतंय’ असं कळवणार होते. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या सरांनी विचारलं, ‘‘तू आर७ आहे का ते पाहिलंस. लेबलाची वाट आहे का ते पाहिलंस का?’’

‘‘सर, पिंग लेबलावरूनच जातंय ना?’’

‘‘निघताना लेबल असेल. पोचताना होतं का, ते तुला कुठे माहीत आहे?’’

साधं पिंग फक्त पोचलं की नाही एवढंच सांगतं. मध्येच कुठे लेबल गळून पडलं, तरी आतला आयपी पत्ता खरा असतो. पुढचे राउटर तो पत्ता वाचून पॅकेट साध्या आयपीने पुढे ढकलतात, आणि आपल्याला शंभरपैकी शंभर दिसतं. व्हीपीएनच्या पॅकेटला ही सवलत नाही. त्याच्या वरच्या लेबलाखाली दुसरं लेबल असतं, आणि त्या आतल्या लेबलाचा अर्थ फक्त आर७ला ठाऊक असतो. वरचं लेबल मध्येच गेलं तर ते पॅकेट पुढे कुणालाच वाचता येत नाही.

एलएसपी पिंग, म्हणजे लेबलाच्या वाटेचं पिंग, नेमकं यासाठी आहे. ते यूडीपी पॅकेट असतं, ३५०३ या पोर्टवर जाणारं, पण त्याचा आयपी पत्ता आर७चा नसतोच. तो १२७ने सुरू होतो, म्हणजे कुठलाही राउटर जो पत्ता पुढे पाठवत नाही. ते पुढे जातं ते निव्वळ लेबलाच्या जोरावर. लेबल गळालं की त्याला पाठवणारं कुणी उरत नाही, ते तिथल्या तिथे उघडं पडतं. शिवाय पॅकेटमध्ये एफईसी, म्हणजे ते लेबल कशासाठी आहे याची ओळख, आणि एक प्रश्न असतो: ‘मी या एफईसीसाठी निघालोय, ते तुझंच आहे का?’ समोरचा राउटर आपल्या नोंदी तपासून उत्तर देतो. नुसतं लेबल पोचून भागत नाही. ज्याच्यासाठी निघालं त्याच्याकडेच पोचावं लागतं. ही रचना मला पहिल्यांदा समजली तेव्हा फार समाधान वाटलं होतं, अजूनही वाटतं.

पहिला प्रयत्न मी सवयीने जुन्या कमांडने केला. उत्तर आलं, या एफईसीसाठी मॅपिंग नाही. क्षणभर वाटलं, सापडलं! पण सापडलं काहीच नव्हतं. जुनी कमांड एलडीपीचं एफईसी पाठवत होती आणि आर७वर आता एलडीपी उरलंच नव्हतं. ते खरं तेच सांगत होतं. सेगमेंट राउटिंगच्या लेबलांसाठी विचारायचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो डिसेंबर २०१७च्या आरएफसी ८२८७ या इंटरनेट मानकात ठरवून दिलाय: प्रीफिक्स सिड (एखाद्या पत्त्यापर्यंतच्या वाटेचं लेबल) असेल तर एक प्रकार, ॲडजसन्सी सिड (एका ठरावीक लिंकचं लेबल) असेल तर दुसरा, आणि सोबत हे लेबल ओएसपीएफने दिलंय की आयएस-आयएसने तेही. कमांड बदलली, प्रकार आयएस-आयएस दिला. पाच उद्गारचिन्हं, म्हणजे पाचही पिंग यशस्वी. रिटर्न कोड ३, म्हणजे ‘या एफईसीचा शेवट मीच’.

आता मी खरोखरच बुचकळ्यात पडले. लेबलाची वाट तपासली, तीही चांगली निघाली.

ट्रेसरूट लावलं; त्यात वाटेवरचा एकेक राउटर, म्हणजे हॉप, ओळीने दिसतो. दुसऱ्या हॉपवर आर३, तिसऱ्यावर नुसता ठिपका, मग आर६, मग आर७. ठिपक्याच्या जागी असलेल्या आर५वर मी वीस मिनिटं घालवली. शेवटी निघालं एवढंच, की त्या राउटरवर एमपीएलएस ओएएम, म्हणजे अशा तपासणीला उत्तर देणारी सोय, चालूच केलेलं नव्हतं. तो पॅकेट बिनचूक पुढे पाठवत होता, फक्त अशा प्रश्नांना उत्तर देत नव्हता. शिवाय उत्तर साध्या आयपीने परत येतं. परतीच्या वाटेवर एखाद्या फिल्टरने ते अडवलं तरी आपल्याकडे ठिपकाच उमटतो. ठिपका म्हणजे ‘उत्तर आलं नाही’, यापलीकडे त्यातून काही वाचू नये.

साडेसातला मी तिकीट पुन्हा उघडलं. काहींना कायम दिसतो, काहींना कधीच नाही. ‘कधी कधी’ असं त्यांनी कुठेच म्हटलेलं नव्हतं. मग आठवलं: आर२पासून पुढे दोन सारख्या खर्चाच्या वाटा आहेत, एक आर३वरून, एक आर४वरून. कोणतं पॅकेट कुठल्या वाटेने जायचं ते आर२ पॅकेटमधले पत्ते पाहून ठरवतो. पत्त्यांची जोडी तीच असेल तर वाटही तीच, रोज, दर वेळी. माझ्या पाचही पिंगांचा पत्ता १२७.०.०.१च होता. पाचही आर३वरूनच गेले. पाचशे पाठवले असते तरी पाचशेही तिकडूनच गेले असते.

मग मल्टिपाथ ट्रेसरूट. यात आर१ वाटेवरच्या राउटरला १२७ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचा एक संच पाठवतो आणि विचारतो, यातले कुठले पत्ते तू कुठल्या फांदीवर टाकशील? राउटर प्रत्येक फांदीसाठी पत्ते वाटून देतो, पुढचं लेबल सांगतो, आणि आर१ त्या त्या पत्त्याने एकेक फांदी शेवटपर्यंत चालून पाहतो. स्क्रीनवर दोन वाटा आल्या. पहिली स्वच्छ. दुसऱ्या वाटेवर १२७.०.०.२ हा पत्ता, आणि पहिल्याच हॉपला, आर२च्या नावासमोर, बी हे अक्षर. रिटर्न कोड ९: पुढच्या बाजूला लेबल नाही.

अक्षर आर२समोर होतं म्हणून मी आर२वर गेले आणि तासभर तिथेच शोधत राहिले. इंटरफेस पाहिले, एमपीएलएस चालू होतं. फॉरवर्डिंग टेबलमध्ये १६००७च्या दोन ओळी: आर३कडे जाताना १६००७, आर४कडे जाताना ‘अनलेबल्ड’. मला वाटलं, टेबलच बिघडलंय. लाइन कार्ड रीसेट करायची परवानगी मागायला मी सरांकडे गेले. ते म्हणाले, ‘‘आर२ने हे लेबल कुठून आणायचं?’’

प्रश्न साधा होता आणि मला सरळ आर४कडे घेऊन गेला. सेगमेंट राउटिंगमध्ये पुढच्या हॉपसाठी कोणतं लेबल लावायचं हे पुढच्याच्या पट्ट्यावरून ठरतं: त्याच्या पट्ट्याची सुरुवात अधिक इंडेक्स. आर४ने आपला पट्टा जाहीरच केला नसेल तर आर२ला आकडाच काढता येत नाही, आणि तो निमूटपणे ‘अनलेबल्ड’ लिहितो. आर४ आमच्याकडे दोन आठवड्यांपूर्वी आलेला नवा राउटर. आर२वर आयएस-आयएसचा डेटाबेस उघडून आर४ची एलएसपी काढली. (इथे एलएसपी म्हणजे लिंक स्टेटची नोंद, लेबलाच्या वाटेलाही एलएसपीच म्हणतात, आणि फोनवर बोलताना यावरून हमखास घोटाळा होतो.) बाकीच्या राउटरांच्या नोंदीत २४२ क्रमांकाच्या टीएलव्हीखाली (नोंदीतल्या एका रकान्याखाली) पट्ट्याची सुरुवात आणि लांबी स्पष्ट दिसत होती. आर४च्या नोंदीत ती नव्हती. आयएस-आयएसच्या कॉन्फिगरेशनमध्ये सेगमेंट राउटिंग चालू करणारी एक ओळ घालायची राहून गेली होती.

साडेनऊ वाजले होते. ती ओळ घातली, कमिट केलं. काही सेकंदांत आर२च्या टेबलमध्ये दुसऱ्या ओळीतही १६००७ उमटलं. मल्टिपाथ ट्रेसरूट पुन्हा लावलं: दोन वाटा, दोन्ही पूर्ण. आर५वर ओएएम चालू केल्यामुळे ठिपकाही गेला. ग्राहकाच्या ज्या संगणकांना दिवसभर काही दिसत नव्हतं त्यांचा फोन पाचेक मिनिटांत आला. दोन आठवडे हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आधीच्या दिवसापर्यंत आर४ची लिंक जास्त खर्चाची ठेवली होती. त्या सकाळीच ती बरोबरीला आणली होती.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण मला आता तपासायची गोडी लागली होती, आणि पुढच्याच आठवड्यात त्याचा उपयोग झाला.

एका सेवेसाठी आम्ही कमी विलंबाची ठरावीक वाट बांधली होती. लेबलांचा थर असा: आधी १६००५, म्हणजे आर५पर्यंत जा, मग २४००३, म्हणजे आर५च्या एका विशिष्ट लिंकवरून आर६ला जा, मग १६००७. अशी हाताने लिहिलेली वाट तपासायला निल एफईसीचं पिंग सोयीचं पडतं. त्यात लेबलं आपण सांगायची, आणि समोरच्याला ‘हे तुझं आहे का’ असं काही विचारलंच जात नाही. रोज सकाळी हे पिंग होत होतं, रोज उद्गारचिन्हं. तरी विलंब अचानक वाढला आणि वाढलेलाच राहिला.

कारण आर५ रीस्टार्ट झाला होता. २४०००च्या पुढची ती लेबलं राउटर स्वतः वाटतो, आणि रीस्टार्टनंतर ती त्याच क्रमाने वाटली जातील याचा भरवसा नसतो. २४००३ आता भलत्याच लिंकचं झालं होतं. पॅकेट त्या लिंकने दुसऱ्या राउटरवर जायचं, तिथे खालचं १६००७ वर यायचं, आणि तो राउटर ते इमानाने आर७ला पोचवायचा. लांबच्या वाटेने, पण पोचायचं. निल एफईसीने वाटेबद्दल काही विचारलं नव्हतं, त्यामुळे कुणी तक्रारही केली नाही.

मी त्याच वाटेवर निल एफईसीऐवजी पूर्ण एफईसी देऊन तपासलं, मधल्या लेबलासाठी ॲडजसन्सी सिडचा प्रकार आणि लिंकची दोन्ही टोकं सांगून. या वेळी उत्तर आलं रिटर्न कोड ३५: ज्या इंटरफेसवरून पॅकेट आलं त्याच्याशी हे एफईसी जुळत नाही. आरएफसी ८२८७ने खास सेगमेंट राउटिंगसाठी आणलेला हा कोड. पहिल्यांदा खऱ्या नेटवर्कवर पाहिला तेव्हा मी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला.

त्या लिंकला मग १५००० ते १५९९९ या स्थानिक पट्ट्यातलं कायमचं लेबल हाताने दिलं, १५००३. रात्रीच्या विंडोमध्ये आर५ मुद्दाम दोनदा रीस्टार्ट केला. दोन्ही वेळा पूर्ण एफईसीचं ट्रेसरूट त्याच लिंकवरून गेलं. सकाळच्या तपासणीत आता निल एफईसीच्या जोडीला ही ट्रेसही धावते, आणि नवा राउटर आला की त्याच्या सगळ्या शेजाऱ्यांवरून एकदा मल्टिपाथ चालवल्याशिवाय मी त्याच्या लिंकचा खर्च खाली आणत नाही.